तास कोणत्या घड्याळाचे?

उज्जयिनीत शिप्रेच्या तीरावर जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली वेधशाळा आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. तेथील सम्राट यंत्राच्या उतरत्या भिंतीची सावली पाहून जी वेळ निघते ती खुद्द उज्जयिनीची वेळ. आपल्या मनगटावरील घड्याळ मात्र ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे बऱ्याच पूर्वेकडील मुलखाची वेळ दाखविते. उज्जयिनीचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने दोहोंत सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते. ज्या नगरीतून लंका ते कुरुक्षेत्र अशी मध्यरेषा कल्पून सूर्यसिद्धान्तकारांनी साऱ्या भूगोलाचा काल मोजला, त्याच नगरीतील सावली आज प्रमाणवेळेच्या मागे रेंगाळते. यंत्रावरची वेळ प्रमाणवेळेत आणावयाची तर दुरुस्ती करावी लागते. ती न करता घड्याळाशी ताडून यंत्रालाच दोष देणारे प्रेक्षक मी अनेकदा पाहिले आहेत.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. तीच चूक मी २०२१ साली मुंबईच्या विमानतळावर केली, आणि तिची जी किंमत पडली ती पैशांत सांगता येणार नाही.

आपल्या मंडळातील बहुसंख्य बंधूंचे परदेशगमन आता नित्याचे झाले आहे. कोणाची पेढी दुबईत, कोणाची हाँगकाँगला, कोणाचे चिरंजीव इंग्लंड-अमेरिकेत. परदेशी जाताना आरोग्याची एखादी चाचणी किंवा लस ठराविक मुदतीत घ्यावी लागते, आणि ही मुदत मोजण्याचे काम आपण बहुधा प्रवास-एजंटावर सोपवून मोकळे होतो. मालाच्या वजनात मासाभर फरक पडला तर आपण रात्रभर झोपत नाही. येथे मात्र तासांचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. म्हणून या स्मरणिकेत हा विषय मांडण्याची परवानगी मी संपादक मंडळाकडे मागून घेतली.

प्रथम माझी हकिगत सांगतो. २०२१ च्या ऑक्टोबरातील एका सोमवारी दुबईहून पुतण्याचा दूरध्वनी आला. माझे ज्येष्ठ बंधू पक्षाघाताने रुग्णालयात होते. "बाबा शुद्धीवर आहेत, बोलतात, तुमची आठवण काढतात. काका, लवकर या," असे तो म्हणाला. त्या काळात भारतातून दुबईस जाणाऱ्या प्रवाशाला आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागे. नमुना दिल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयाण झाले पाहिजे, आणि त्याखेरीज विमान सुटण्यापूर्वी ६ तासांच्या आत विमानतळावर दुसरी जलद चाचणी झाली पाहिजे, असा दुहेरी नियम होता. गुरुवारी पहाटे साडेचारचे मुंबई-दुबई तिकीट मिळाले. मी मंगळवारी सकाळी ९ वाजता उज्जैनमध्येच नमुना दिला. वास्तविक तो बुधवारी मुंबईत देता आला असता; परंतु मुंबईत अहवाल वेळेवर हाती येईल की नाही ही धास्ती, आणि येथील तपासनीस ओळखीचा. नमुना इंदूरला जाणार, अहवाल बुधवारी दुपारपर्यंत मोबाइलवर येणार. मंगळवारी ९ पासून गुरुवारी पहाटे साडेचारपर्यंत साडेत्रेचाळीस तास; साडेचार तास पदरात शिल्लक. एवढे गणित करून मंगळवारी रात्री मी अवंतिका गाडीत बसलो.

अहवाल आला, निगेटिव्ह आला. बुधवारी रात्री विमान कंपनीचा संदेशही आला की, उड्डाणाची वेळ बदलली असून विमान आता सकाळी १० वाजता सुटेल. मला उलट बरेच वाटले. चार घटका झोप मिळेल! त्या संदेशाबरोबर माझा अहवाल निकामी झाला हे ध्यानातच आले नाही.

सकाळी काउंटरवरील तरुणाने अहवाल पाहिला, बोटांवर काही मोजले आणि कागद परत केला. मंगळवारी ९ पासून गुरुवारी १० पर्यंत ४९ तास. एक तास अधिक. मी हिशेबी माणूस. लगेच म्हणालो की, आपण दुबईचा नियम पाळत आहोत, तर तास दुबईचे मोजा. विमान सुटेल तेव्हा दुबईत साडेआठ वाजलेले असतील. मंगळवारचे ९ ते गुरुवारचे साडेआठ, म्हणजे साडेसत्तेचाळीस तास. माझ्या या युक्तिवादावर मी मनातून खूषही झालो होतो. तो तरुण शांतपणे म्हणाला, "काका, मग नमुनाही दुबईच्याच घड्याळाने घ्यायला हवा ना? तुम्ही तो दिला तेव्हा तिथे साडेसात वाजले होते."

साडेसात ते साडेआठ. पुन्हा ४९ तासच. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

मुंबईत नवा नमुना दिला. पुढची जागा शनिवारी पहाटेची मिळाली. मी पोहोचलो तेव्हा दादांना दुसरा झटका येऊन गेला होता आणि त्यांची वाचा गेली होती. ते माझ्याकडे पाहात, माझा हात धरीत. परंतु सोमवारी त्यांना मला काय सांगावयाचे होते ते मला कधीच कळले नाही. तीन आठवड्यांनी ते गेले. त्यांचे मनगटी घड्याळ पुतण्याने माझ्या हाती दिले. दुबईत सारे आयुष्य काढूनही त्यांनी ते भारतीय वेळेवरच ठेविले होते. मनातल्या मनात दीड तास वजा करून ते दुकान उघडीत आणि बंद करीत.

असो. या प्रकरणाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. काउंटरवरच्या त्या मुलाने मला जे शिकविले ते असे की, दोन क्षणांमधले अंतर कोणत्याही देशाच्या घड्याळाने मोजा, ते बदलत नाही. बदलते ते तेव्हाच, जेव्हा एक टोक एका घड्याळावर आणि दुसरे टोक दुसऱ्या घड्याळावर आपण वाचतो. पश्चिमेस जाताना असे केले तर तास कमी दिसतात आणि माणूस फसतो. पूर्वेस जाताना ते अधिक दिसतात आणि माणूस व्यर्थ घाबरतो. म्हणून प्रथम दोन्ही टोके एकाच घड्याळावर आणावीत. मग ते उज्जैनचे असो वा ग्रिनिचचे.

परंतु एवढ्याने भागत नाही, कारण टोके कोणती हेच बहुधा स्पष्ट नसते. आपल्या पूर्वजांना मुदती हुंडीचा व्यवहार ठाऊक होता. हुंडी हाती आली की पहिला प्रश्न मुदत कोणत्या दिवसापासून धरावयाची हा असे. लिहिल्या मितीपासून की दाखविल्या मितीपासून? १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेही त्याचा निवाडा केला आहे, आणि मितीपासून मोजावयाचे दिवस लिहिल्याचा दिवस वगळून मोजावेत असे सांगितले आहे. वैद्यकीय अहवालाला हाच प्रश्न विचारला पाहिजे. त्या कागदावर अनेकदा तीन वेळा छापलेल्या असतात. नमुना घेतल्याची, तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि अहवाल निघाल्याची. शेवटची वेळ सर्वांत सोयीची व मोठ्या अक्षरांत असल्यामुळे आपली नजर तिच्यावरच जाते. पण दुबईसाठी पहिली वेळच धरली जाई. लहान शहरांतील माणसाचे येथे अधिक नुकसान होते. नमुना उज्जैनहून इंदूरला जातो तेव्हा मुदतीचे तास वाटेतच खर्च होऊ लागतात. मुंबईकराला मिळणारे ४८ तास आपल्या हाती ३० च येतात.

दुसरे टोकही असेच फसवे. मुदत संपते ती विमानात चढताना, विमान सुटताना, की परदेशी उतरताना? भारताने स्वतः येणाऱ्या प्रवाशांसाठी २०२० च्या ऑगस्टमध्ये ९६ तासांची मुदत सांगितली आणि त्याच वर्षी पुढे ती ७२ तासांवर आणली. ती प्रवास आरंभ करण्यापूर्वीची होती, उतरण्यापूर्वीची नव्हे. 'एअर सुविधा' या संकेतस्थळावर स्वयंघोषणेसह हे कागद भरावे लागत, आणि ती व्यवस्था २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. पुढे १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड येथून येणाऱ्यांसाठी ७२ तासांचा नियम पुन्हा आला व फेब्रुवारीच्या मध्यास उठला. हाँगकाँगला रत्नांच्या व्यापारासाठी जाऊन येणाऱ्या आपल्या बंधूंना ते सहा आठवडे चांगलेच स्मरत असतील.

कॅनडाची तऱ्हा निराळी होती. २०२१ च्या सप्टेंबरअखेर भारतातून थेट उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हा, दिल्ली विमानतळावरील एका ठराविक प्रयोगशाळेतच, आणि विमान सुटण्याच्या नियोजित वेळेपूर्वी १८ तासांच्या आत, चाचणी करून घ्यावी लागे. म्हणजे उज्जैनच्या विद्यार्थ्याने घरून निघावयाचे ते चाचणीवाचूनच. निकाल काय लागेल याची चिंता घेऊन, सामान बांधून, निरोप घेऊन, दिल्लीस जाऊन बसावयाचे. 'नियोजित वेळेपूर्वी' हे दोन शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. विमानास आयत्या वेळी उशीर झाला तर नियोजित वेळ तीच राहते. पण कंपनीने वेळापत्रकच बदलले तर नियोजित वेळही बदलते. माझ्या बाबतीत घडले ते हे दुसरे.

या सर्वांत अमेरिकेचा नियम मला शहाणपणाचा वाटला. २६ जानेवारी २०२१ पासून त्यांनी तीन दिवसांची मुदत ठेविली आणि ६ डिसेंबर २०२१ पासून ती एका दिवसाची केली. तास नव्हेत, दिवस. विमान ज्या तारखेस सुटते त्याच्या आदल्या तारखेस केव्हाही नमुना दिला तरी चाले, आणि तारीख धरावयाची ती विमान सुटते त्या ठिकाणची. त्यामुळे विमान चार तास पुढे ढकलले म्हणून कोणाचा अहवाल बाद होण्याचे भय बरेच कमी झाले. तरी यातही खोच होती. आपल्याकडून जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. रात्री साडेअकराच्या विमानासाठी आदल्या दिवसाच्या आरंभापासून मोजले तर साडेसत्तेचाळीस तास मिळत. तेच विमान मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटणारे असेल तर तारीख उलटल्यामुळे साडेपंचवीसच. दोन तास उशिरा सुटणारे विमान प्रवाशाकडून बावीस तास हिरावून घेई! आणि उशीर होऊन विमान मध्यरात्र ओलांडून गेले तर काय, हा प्रश्न रात्री बाराच्या ठोक्याला काउंटरवर उभा राही. तो नियम १२ जून २०२२ रोजी उठला.

तिकिटाचेही एक सूक्ष्म आहे. इंदूर-मुंबई आणि मुंबई-न्यूयॉर्क ही उड्डाणे एकाच आरक्षणात असतील, आणि मधला मुक्काम २४ तासांहून अधिक नसेल, तर अमेरिकेच्या नियमात मुदत पहिल्या उड्डाणापासून, म्हणजे इंदूरपासून मोजली जाई. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर ती अमेरिकेस जाणाऱ्या उड्डाणापासून मोजली जाई. चार पैसे वाचविण्यासाठी आपण तिकिटे तोडून घेतो. त्यात मुदतीचे टोकही सरकते हे कोणी सांगत नाही.

अमेरिकेतून परतणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात. त्या नोव्हेंबरच्या रविवारावरून उडी मारणारे घड्याळातले ७२ तास प्रत्यक्षात ७३ असतात.

आता कोणी म्हणेल की ही सारी गेलेल्या साथीची कथा. आज त्या चाचण्या कोठे आहेत? खरे आहे, त्या गेल्या. परंतु मुदतीचा प्रश्न साथीने जन्मास घातला नव्हता आणि साथीबरोबर तो गेलाही नाही. आमचे वडील १९६० च्या सुमारास मुंबईहून 'करंजा' बोटीने मोंबासाला गेले होते. त्यांची लसीकरणाची पिवळी पुस्तिका अजून आमच्या पेढीच्या कपाटात आहे. १ ऑक्टोबर १९५२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे त्या काळी पटकीच्या लशीचा दाखला टोचल्यानंतर ६ दिवसांनी सुरू होऊन सहा महिने चाले. देवीची लस पहिल्याने टोचली असेल तर तिचा दाखला ८ दिवसांनी सुरू होऊन तीन वर्षे चाले. बोटीच्या तारखेच्या आदल्या दिवशी टोचून घेणाऱ्याला त्या दाखल्याचा उपयोग नसे. पटकीच्या दाखल्याची अट १९७३ मध्ये गेली. देवीचा रोगच पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले आणि तोही दाखला इतिहासजमा झाला.

पीतज्वराचा दाखला मात्र आजही आहे, आणि पूर्व आफ्रिकेशी व्यवहार असणाऱ्या बंधूंनी तो विशेष लक्षात ठेवावा. लस टोचल्यानंतर १० दिवसांनी तो ग्राह्य होतो. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षांची असे. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो, जुना दाखलासुद्धा. भारतात हा रोग नाही. परंतु तो पसरविणारा डास येथे घरोघरी आहे, म्हणून आपले सरकार याबाबत फार कडक आहे. रोगग्रस्त प्रदेशातून निघून ६ दिवसांच्या आत येथे उतरलेल्या माणसापाशी ग्राह्य दाखला नसेल, किंवा टोचून १० दिवस झाले नसतील, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. तो भारतीय नागरिक असला तरी सुटका नाही. जाताना कोणी विचारले नाही म्हणून निश्चिंत राहिलेला मनुष्य परतताना अडकतो, तो असा.

इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यास क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो व तो सहा महिने चालतो. येथे शेवटचे टोक प्रयाण हे नसून व्हिसाचा अर्ज हे आहे. कॅनडात स्थायिक होण्यासाठी केलेली वैद्यकीय तपासणी बारा महिने चालते, आणि तेथे शेवटचे टोक कॅनडात पाऊल ठेवणे हे आहे. छातीच्या क्ष-किरण चित्रात काही संशयास्पद दिसले तर थुंकीची कल्चर चाचणी करतात, आणि तिला सुमारे आठ आठवडे लागतात. तो काळ आपल्या हातचा नाही. विद्यापीठाची फी भरून, तिकीट काढून, मग तपासणीस जाणारी मुले दर उन्हाळ्यात भेटतात. क्रम उलटा हवा, असे सांगून सांगून मी थकलो.

आपल्या समाजाला वस्तुतः हे शास्त्र नवे नाही. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर दोन घटकांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, पारावयाचे असते आणि तो सूर्योदय जेथे आपण आहोत तेथलाच धरावयाचा असतो, हे घरातील लहान मुलीसही ठाऊक असते. दुबईला गेलेली आमची वहिनी उज्जैनचा सूर्योदय पाहून कधी पारणे करीत नसे. ही मिनिटे आपण स्थानावरून मोजतो, आणि विमानाच्या तिकिटाशी गाठ पडली की तेच विसरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत वेधशाळेच्या आवारात जे वैदिक घड्याळ बसविले गेले, तेही एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राचे तीस भाग करते. त्याचाही एक मुहूर्त सुमारे ४८ मिनिटांचाच. पाहुणे त्याची छायाचित्रे काढतात आणि मग खिशातल्या मोबाइलवर वेळ पाहतात.

अलीकडे परदेशी जाणारे कोणी कोणी मजकडे तिकीट आणि अहवाल घेऊन येतात. मी कागदावर दोन ओळी ओढतो. एकीवर मुदतीचा आरंभ, दुसरीवर शेवट, आणि दोन्ही भारतीय वेळेत. मग विमान सहा तास पुढे गेले तर काय, हे तिसऱ्या ओळीत लिहितो. गेल्या महिन्यात नैरोबीस निघालेल्या एका तरुण व्यापाऱ्याचा हिशेब केला, तर लस टोचून त्याला प्रयाणाच्या दिवशी नऊच दिवस होत होते. तो म्हणाला, "एका दिवसाने काय होते?" मी दादांचे घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेविले आणि त्याला त्या गुरुवारची गोष्ट सांगितली. त्याने तिकीट दोन दिवस पुढे ढकलून घेतले. एजंटाने त्याबद्दल शुल्क घेतले, तेही जरा अधिकच. पण मुलगा गेला, काम करून आला, आणि परतताना विमानतळावर त्याचा दाखला दोनदा तपासला गेला असे सांगत होता.